पन्नासाव्या वर्षी सीझन बॉल

शाळेत असताना सलग तीन वर्षे मी क्रिकेट संघाबरोबर मैदानावर गेलो, पण संघातून एकदाही खेळलो नाही. दादरची आमची शाळा जाइल्स शिल्डचा किंवा पुढे हॅरिस शिल्डचा, म्हणजे मुंबईच्या आंतरशालेय स्पर्धांतला, सामना खेळायला आझाद मैदानावर निघाली की स्कोअरबुक, चार रंगांची पेने आणि पट्टी घेऊन मुलांबरोबर लोकलने जाणे आणि तंबूच्या कडेला बाकावर बसून प्रत्येक चेंडूची नोंद करणे हे माझे काम असे, आणि ते मी मन लावून करीत असे. फेब्रुवारी १९८८ मध्ये याच आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी शारदाश्रम शाळेतर्फे ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली तेव्हा मी आठवीत होतो. नाबाद ३२६ आणि नाबाद ३४९ हे आकडे वाचताना वर्गातल्या इतर मुलांच्या डोळ्यांसमोर ते दोन फलंदाज उभे राहिले असतील. माझ्यासमोर मात्र ती वही भरत बसलेला कोणी अनोळखी मुलगा उभा राहिला, आणि त्याचा हेवा वाटला.

१९९० साली दहावी झाल्यावर मैदान सुटले. इमारतीच्या आवारात टेनिस बॉलने, कार्यालयाच्या स्पर्धांत रबरी चेंडूने खेळत राहिलो, पण सीझन बॉल, म्हणजे खरा चामड्याचा चेंडू, बॅटवर घेण्याचा प्रसंग कधी आला नाही. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका वर्गमित्राने कळवले की, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा क्रिकेट क्लब एप्रिल-मे महिन्यांत दर रविवारी सामने भरवतो, सर्व तुकड्यांतले खेळाडू मिसळून चार संघ केले जातात, सामना तीस षटकांचा असतो आणि नावनोंदणीच्या अर्जात 'शाळेच्या संघातून खेळला आहात काय' असा प्रश्नच नाही. हे शेवटचे वाक्य वाचून मी अर्ज भरला. अर्जासोबत शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्रत आणि चाळिशी ओलांडलेल्यांसाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडायचे होते. डॉक्टरांनी इसीजी काढून घेतला, रक्तदाब तपासला आणि उन्हात खेळताना तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे एवढे बजावून सही केली.

खरी तयारी सुरू झाली ती बॅट घेण्यापासून. दुकानदाराने काश्मीर विलो आणि इंग्लिश विलो अशा दोन्ही लाकडांच्या बॅटी पुढ्यात ठेवल्या. इंग्लिश विलो हातात हलकी वाटत होती आणि चेंडू ठोकून पाहिल्यावर तिचा आवाजही अधिक मोकळा येत होता, परंतु क्लबच्या सामन्यांत नवव्या-दहाव्या क्रमांकावर येणाऱ्या माणसाला काश्मीर विलो पुरेशी आहे, आणि नवख्याच्या हातून कडेला बसणारे फटके ती जास्त दिवस सोसते, हे त्यानेच प्रामाणिकपणे सांगितले. बॅट घरी आणली म्हणजे लगेच खेळता येते, हा माझा समज मात्र चुकीचा निघाला. नव्या बॅटीचे लाकूड मऊ असते. त्याला जवसाच्या कच्च्या तेलाचा पातळ हात देऊन, बॅट आडवी ठेवून, ते मुरू द्यावे लागते, आणि मग लाकडी हातोडीने पाते ठोकून ठोकून त्याचे तंतू दाबून घट्ट करावे लागतात. दांडा पात्यात जिथे बसवलेला असतो त्या सांध्यावर तेल जाऊ द्यायचे नसते. कडा थेट न ठोकता तिरप्या हाताने, हलक्या घावांनी गोलसर करीत न्यायच्या असतात. तसे केले नाही तर नवा चेंडू कडेला लागताच खपली निघते. मी डोंबिवलीला राहतो. संध्याकाळी कार्यालयातून आल्यावर गच्चीत बसून रोज अर्धा तास असे दोन आठवडे ठोकले. खालच्या मजल्यावरच्या आजी पहिल्या दिवशी आवाज ऐकून वर आल्या, काय चालले आहे ते पाहिले आणि "अंधार पडायच्या आत संपव हो, मग पोरं झोपतात," एवढे सांगून खाली गेल्या. त्यांचा तो शब्द मी शेवटपर्यंत पाळला.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापासून शिवाजी पार्कवर सराव सुरू झाला. शनिवार-रविवारी सकाळी साडेसहाला जाळे लागे. त्या वेळी कट्ट्याभोवती फिरणाऱ्यांची गर्दी असे, आणि लाल माती उडू नये म्हणून माळी पाणी मारीत असत. क्लबचा सराव ज्यांच्या देखरेखीखाली चालतो त्यांना सगळे अण्णा म्हणतात. ते आमच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठे, एके काळचे शाळेचे कर्णधार, आणि आजही जाळ्यामागे खुर्ची टाकून न बसता उभे राहून पाहणारे. पहिल्या दिवशी मी चार चेंडू खेळलो, त्यांतले दोन मांडीवर आणि एक अंगठ्यावर घेतला. अण्णांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "तू टेनिस बॉल खेळतोयस. तो टप्पा पडल्यावर उसळून हळू होतो, म्हणून तू पुढे जाऊन आडव्या बॅटने मारायला बघतोस. हा चेंडू टप्प्यानंतर सरकत येतो. त्याला येऊ दे, डोळ्यांखाली येऊ दे, आणि सरळ बॅट लाव."

ऐकायला एका वाक्याची असलेली ही गोष्ट अंगवळणी पडायला मला पाच आठवडे लागले. सीझन बॉलचे वजन कायद्याप्रमाणे साधारण १५६ ते १६३ ग्रॅम असते, मधोमध शिवण उंच असते, आणि त्या शिवणीवर टप्पा पडला तर चेंडू कोणत्या बाजूला वळेल हे टाकणाऱ्यालाही नेमके ठाऊक नसते. वहीत मी वर्षानुवर्षे ज्या छोट्या ठिपक्याने एक निर्धाव चेंडू लिहिला होता, त्या ठिपक्यात एवढा मामला दडलेला असतो हे मला तेव्हा प्रथम कळले. झेल घेण्याची रीतही वेगळी. टेनिस बॉल हातातून उसळून बाहेर जातो म्हणून तो घट्ट आवळायची सवय लागते. सीझन बॉल आवळायला गेले तर तळवा सुजतो, त्याला हात मागे नेत, येणाऱ्या वेगाबरोबर सामावून घ्यावे लागते. अण्णा जवळून, खालच्या हाताने, रोज पन्नास झेल देत. तिसऱ्या आठवड्यात माझ्या डाव्या हाताचे मधले बोट सुजले तेव्हा त्यांनी सराव थांबवला नाही. शेजारच्या बोटाला पट्टीने बांधून दिले आणि उरलेले झेल उजव्या बाजूला दिले. शिरस्त्राण, मांडीचे पॅड आणि गार्ड घातल्याखेरीज जाळ्यात कोणालाही उभे करायचे नाही हा क्लबचा नियम ते वयाचा किंवा कीर्तीचा विचार न करता सर्वांना लावत, आणि तो नियम मला या साऱ्या व्यवहारातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सामना आझाद मैदानावर होता आणि अकरा जणांच्या यादीत माझे नाव नव्हते. वाईट वाटले, हे लपवीत नाही. आमच्या संघाचा कर्णधार सव्वीस वर्षांचा होता. तो संकोचत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "काका, आज स्कोअरिंगला कोणी नाही, तुम्हाला जमेल का?" मी हो म्हटले, आणि चौतीस वर्षांनी पुन्हा त्याच मैदानावर, बॉम्बे जिमखान्याच्या बाजूकडच्या एका तंबूपाशी, वही उघडून बसलो. १९३३ साली याच जिमखान्याच्या मैदानावर भारतातला पहिला कसोटी सामना झाला होता, त्यात लाला अमरनाथ यांनी शतक केले होते. शाळेत असताना सर आम्हाला ते कुंपण दाखवून हे सांगत, आणि मीही त्या दिवशी शेजारी बसलेल्या नववीतल्या मुलाला तेच सांगितले.

हात लिहायचे विसरला नव्हता. प्रत्येक गोलंदाजाला वेगळा रंग, म्हणजे फलंदाजाच्या नावापुढची धाव पाहताच ती कोणाच्या चेंडूवर निघाली ते कळते. बायसाठी (चेंडू बॅटला किंवा अंगाला न लागता निघालेल्या धावेसाठी) उभा त्रिकोण, लेगबायसाठी (अंगाला लागून निघालेल्या धावेसाठी) उलटा, वाइडसाठी अधिकचे चिन्ह, नो-बॉलसाठी वर्तुळ. निर्धाव षटकाचे सहा ठिपके जोडून इंग्रजी एम. पंचांनी खूण केली की हात वर करून ती मिळाल्याचे कळवायचे, तोवर पंचांनी पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही, हा शिष्टाचार नसून खेळाचा कायदा आहे, आणि तो मी चौदाव्या वर्षी शिकलो होतो. डाव संपल्यावर गोलंदाजांनी दिलेल्या धावा, बाय आणि लेगबाय यांची बेरीज फलकावरच्या धावसंख्येशी पहिल्याच फटक्यात जुळली.

पण त्या दिवशी एक गोष्ट अशी घडली की जिच्यामुळे पुढचे सारे बदलले. प्रतिपक्षाचा सलामीचा फलंदाज जोरात खेळत होता. पाण्याच्या विश्रांतीत कर्णधार वहीत डोकावला तेव्हा मी त्याला सांगितले की, या फलंदाजाच्या एकतीस धावांपैकी वीसहून अधिक मिडविकेटला, म्हणजे त्याच्या पायांच्या बाजूला, गेल्या आहेत आणि त्यांतल्या तीन वेळा चेंडू हवेत होता, कारण मी धावांच्या शेजारी दिशेची बारीक रेघ मारीत असतो. ही सवय शाळेतलीच. कर्णधाराने मिडविकेटचा खेळाडू पंधरा पावले मागे नेला आणि दुसऱ्याच षटकात झेल तिथेच गेला. सामना आम्ही हरलो तो हरलोच, पण निघताना कर्णधार म्हणाला, "दादा, पुढच्या रविवारी तुम्ही खेळताय." काकाचा दादा झाला होता.

पुढचा सामना माटुंग्याला दडकर मैदानावर होता. मध्य रेल्वेवर रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून डोंबिवलीहून मी पहाटे साडेपाचची गाडी धरली आणि किटची पिशवी दोन पायांच्या मध्ये धरून बसलो. नाणेफेक हरून आम्हाला क्षेत्ररक्षण करावे लागले. साडेसातला चेंडू पडला तेव्हा हवा सुसह्य होती. नऊ वाजता खेळपट्टीकडे पाहिले तर मातीवर हवा थरथरताना दिसत होती. मुंबईच्या उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या आसपास असतो, विदर्भासारखा चाळिशीपार जात नाही, परंतु दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. दहा षटकांनंतर माझ्या पायात गोळे यायला लागले. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून आणलेली बाटली मी अर्धी संपवली, कोणाच्या तरी घरून आलेले कोकम सरबत घेतले, मानेवर ओला नॅपकिन ठेवला. वर्षांनुवर्षे मैदानावर असणारी माणसे हे आदल्या रात्रीपासूनच करतात, म्हणजे शनिवारी संध्याकाळपासून पाणी पीत राहतात. त्या दिवसानंतर मीही तसे करू लागलो.

सतराव्या षटकात आमचा एकोणीस वर्षांचा मध्यमगती गोलंदाज उत्तम टप्पा धरून टाकीत असताना, फलंदाजाने मारलेला चेंडू थर्डमॅनला, म्हणजे यष्टिरक्षकाच्या मागे तिरप्या दिशेला, माझ्याकडे उंच आला. सूर्य डोळ्यांवर नव्हता, वाऱ्याने चेंडू वळला नव्हता, मी त्याच्याखाली वेळेवर पोहोचलोही होतो. चेंडू हाताला लागून खाली पडला. मी हात मागे नेलेच नाहीत; पन्नास झेलांचा सराव ऐन वेळी उपयोगी पडला नाही. तो मुलगा आपल्या जागेवरून एक शब्द न बोलता वळला आणि पुढच्या चेंडूसाठी चालू लागला. त्याच्या त्या शांतपणाने मला जितके लाजवले तितके रागावण्याने लाजवले नसते. सामन्यानंतर मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली, तेव्हा तो म्हणाला, "सर, बुधवारी मी लवकर येतो, तुम्हाला झेल देतो." आणि तो खरेच आला; साडेसहाच्या आधी, महाविद्यालयात जाण्यापूर्वी, आणखी सहा आठवडे.

फलंदाजीला मी नवव्या क्रमांकावर गेलो तेव्हा जिंकायला चोवीस धावा हव्या होत्या आणि चार षटके शिल्लक होती. पंचांकडून मधल्या यष्टीचा गार्ड घेतला, म्हणजे तिच्यासमोर बॅट टेकवायची जागा आखून घेतली. पहिला चेंडू बाहेरून गेला, दुसरा पॅडवर, तिसरा बॅटच्या मधोमध. मिडऑनच्या डावीकडे तो हळूच सरकला आणि समोरच्या फलंदाजाने हाक दिली. बावीस यार्ड म्हणजे वीस मीटरांपेक्षा थोडे जास्त अंतर; ते मी किती वेगाने धावलो ते सांगता येत नाही, पण पलीकडे पोहोचून बॅट टेकवल्यावर माझी नजर आपोआप तंबूकडे गेली. तिथे नववीतला तो मुलगा वहीवर वाकला होता. मी नऊ चेंडूंत तीन धावा करून त्रिफळाचीत झालो आणि आम्ही सहा धावांनी हरलो.

पुढल्या एका सामन्यात मला खेळाचा एक नवा कायदा मैदानातच शिकायला मिळाला. मी नॉनस्ट्रायकर, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला उभा फलंदाज, होतो. समोरच्या फलंदाजाने उंच फटका मारला, झेल होईपर्यंत आम्ही दोघे एकमेकांना ओलांडून गेलो होतो, म्हणून आता पुढचा चेंडू मला खेळायचा असे समजून मी गार्ड घेऊ लागलो. पंचांनी मला परत पाठवले. ऑक्टोबर २०२२ पासून फलंदाज झेलबाद झाला की, ते षटक संपलेले नसेल तर, नवा फलंदाजच पुढचा चेंडू खेळतो. दोघांनी एकमेकांना ओलांडले किंवा नाही याने फरक पडत नाही. बाद करणाऱ्या गोलंदाजाला लगेच नव्या फलंदाजाला चेंडू टाकता यावा, हा त्यामागचा विचार मला पटतो. शाळेत असताना 'क्रॉस झाले होते का?' हा प्रश्न मी किती वेळा ओरडून विचारला असेल. तो प्रश्न आता वहीतून गेला आहे, आणि त्या दिवशी घरी जाऊन मी कायद्यांची नवी आवृत्ती पहिल्यापासून वाचून काढली.

आझाद मैदानावर परत गेलो तेव्हा क्षेत्ररक्षण करताना वेगळीच दक्षता शिकावी लागली. तिथे बावीस खेळपट्ट्या आहेत आणि रविवारी त्यांतल्या बहुतेकांवर सामने चालू असतात, त्यामुळे आमच्या फाइनलेगच्या जागी उभे राहिलेल्या मला शेजारच्या सामन्यात कव्हरच्या जागी उभा असलेला खेळाडू हातभर अंतरावर असे. पाठीमागून "बॉल!" अशी हाक आली की वळून पाहायचे नाही, डोके दोन्ही हातांनी झाकून खाली वाकायचे, वळून पाहणारे जखमी होतात. दुसऱ्यांचा चेंडू आपल्या पायाशी आला तर तो उचलून त्यांच्या यष्टिरक्षकाकडे फेकायचा, पाय लावून अडवायचा नाही. इतक्या गर्दीत भांडण होत नाही, याचे कारण प्रत्येकाला ही रीत ठाऊक असते, आणि नवख्याला कोणीतरी ती शेजारच्या संघातूनही समजावून सांगतो. मला ती सांगणारा माणूस कोण होता हे मला अजून ठाऊक नाही.

मोसमात मी सहा सामने खेळलो, दोन सामन्यांत वही लिहिली. अठ्ठावीस धावा आणि दोन झेल. त्यांतला एक झेल त्याच एकोणीस वर्षांच्या मुलाच्या चेंडूवर, त्याच थर्डमॅनला. छातीपाशी, हात मागे नेत.

शेवटचा सामना मेअखेरीस शिवाजी पार्कवर होता. सकाळपासून समुद्राकडून ढग चढत होते. जूनच्या पावसानंतर ही मैदाने कांगा लीगची होतात, १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या विकेटवर चालणारी ती स्पर्धा खेळणारे आमच्या क्लबमध्ये तिघेच आहेत. आमच्यासारख्यांचा मोसम तिथे संपतो. एकोणिसाव्या षटकात मी आणि कर्णधार खेळत होतो, तेव्हा टपोरे थेंब आले, माळ्यांनी खेळपट्टीवर ताडपत्री ओढली आणि आम्ही सगळे बॅटी पोटाशी धरून तंबूत धावलो. नववीतला मुलगा वही शर्टाखाली घेऊन आमच्या आधी पोहोचला होता. पाऊस थांबेना तेव्हा अण्णांनी सामना सोडून दिल्याचे सांगितले. मुलाने वही उघडून मला विचारले, "काका, सामना पूर्ण झाला नाही तर तुमच्या नावापुढे काय लिहायचं?" मी सांगितले, "नाबाद. आणि षटके १८.२ अशी लिही, चेंडू विसरू नकोस." त्याने माझ्या सात धावांसमोर निळ्या पेनाने ते लिहिले, आणि मी त्याच्या शेजारी बसून बेरीज तपासू लागलो, लेगबायचे एक त्रिकोण त्याने उभे काढले होते, ते आम्ही दोघांनी मिळून दुरुस्त केले.